लाल दिव्याची नोंदवही

१

मामांच्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. मुलीचं घर दोन खोल्यांचं. त्यात जुळं, मुलीची सासू आणि मदतीला गेलेल्या मामी. मामांना पाठ टेकायला जागा उरली नाही, म्हणून ते बुधवारी संध्याकाळी पिशवी उचलून भाचीकडे राहायला आले. भाची त्याच शहरात शिकत होती. आणखी दोन मुलींबरोबर तिने तिसऱ्या मजल्यावर भाड्याने घर घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी अकरा वाजून आठ मिनिटांनी भाचीच्या स्क्रीनवरचे तीन परीक्षक तोंड उघडं ठेवून थिजले.

एकाचा हात हवेत राहिला. एक बाई डोळे मिटलेल्याच राहिल्या. भाची आधी हसली, मग "सर? मॅडम?" म्हणाली. फळीवरच्या राउटरवर एक लाल दिवा लागला होता.

शिष्यवृत्तीची मुलाखत होती ती. मिळाली तर पुढची दोन वर्षं शिक्षण, नाही तर या महिन्याअखेर सामान बांधून घरी. भाचीच्या वडिलांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं, आणि ते रागाने बोलले नव्हते. त्यांना जमण्यासारखंच नव्हतं.

वीस मिनिटांनी नेट आलं, तोवर परीक्षक उठून गेले होते. दुपारी एक निरोप आला: सोमवारी अकराला पुन्हा संधी देऊ, तिसरी मिळणार नाही.

"कॉलेजात जाऊन दे की," मामा म्हणाले.

"सुट्टी आहे, मामा. कुलूप आहे. आणि मोबाइलला या घरात सिग्नलची एक दांडी येते. तीसुद्धा तिच्या मनात असलं तर."

मामा चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होते. उन्हातान्हात खांबावर चढून त्यांची कातडी जुन्या चपलेसारखी झाली होती. अक्षरओळख तिशीत झाली, तीही एका वहीमुळे. फॉल्टची नोंदवही ज्याला भरता येत नाही त्याला हेड लाइनमन करत नाहीत, असं साहेब म्हणाला, म्हणून ते रोज संध्याकाळी पाटी घेऊन बसले. तेव्हापासून वही त्यांच्या पिशवीत कायम असे.

नेट गेलं तेव्हा त्यांनी आधी भाचीला पाणी दिलं, बराच वेळ तिची समजूत काढली, मग बाल्कनीचं दार लोटून दारामागच्या खिळ्यावरची पिशवी काढली, वही उघडली आणि मोठ्या, गोल अक्षरात लिहिलं: गुरुवार. अकरा आठ. लाल दिवा. पान पूर्ण होईतो दिवा हिरवाही झाला होता.

"बुधवारपर्यंत कसं लोण्यासारखं चालत होतं गं," भाची डोळे पुसत म्हणाली.

मामांच्या मनात पाल चुकचुकली. चालती लाइन आपोआप मरत नाही. तिला कोणीतरी हात लावलेला असतो.

२

हात लावणारं घरात होतं कोण? भाचीखेरीज दोघी. एक दातांची डॉक्टर होऊ घातलेली. तिला सगळे दातवाली म्हणत. दुसरी इमारतींचे नकाशे काढायला शिकणारी. ती नकाशाताई.

मामांनी आल्या आल्या, बुधवारीच, घराचं निरीक्षण केलं होतं आणि त्यांना ते बघवलं नव्हतं. चपलांचा ढीग, गॅसची नळी लोंबती, बाल्कनीच्या दारामागे खिळ्यावर नेटची तार ताटाएवढा सैल वेढा घालून लटकलेली, बिजागरीला तेलाचा थेंब नाही. त्यांनी झोपण्याआधी सगळं मार्गी लावलं. चपला ओळीत लावल्या, नळीला पट्टी मारली, तार खात्यातल्या उस्तादाने शिकवल्याप्रमाणे मुठीएवढी गुंडाळून मेणदोऱ्याने करकचून बांधली, बिजागरीत तेल सोडलं, आणि मग त्याच खिळ्यावर आपली जड पिशवी अडकवली. मुली म्हणाल्या, "मामा, आता कायमचे इथेच राहा."

गुरुवारी दुपारी त्यांनी दातवालीला गाठलं.

"नेट गेलं तेव्हा तू काय करत होतीस, बाळ?"

"कांदा जाळत होते," ती म्हणाली. "तळायला घेतला होता, जळला. घरभर धूर. दारं उघडून टॉवेलने हाकत होते. तुम्ही खोकलात की."

"आणि मोबाइलवर?"

ती जरा चपापली. "एक ऑपरेशनचा व्हिडिओ उतरवत होते. मोठा होता. पण त्याने नेट जात नाही हो, फार तर रांगतं!"

"तुला आधीपासून दुसरं नेट हवं होतं ना?"

भाचीने सांगितलं होतं त्यांना. तिघींनी पंधरा दिवस भांडून हे नेट निवडलं होतं. फ्रिजवर अजून तीन कागद चिकटवलेले होते. एका मोठ्या कंपनीचा, वर्षभराची बांधिलकी असलेला. दुसरा मोबाइलच्या डेटाचा. तिसरा याच गल्लीतल्या एका बाईचा, जी स्वतः शिडी घेऊन फिरते आणि अर्ध्या भाड्यात तार ओढून देते. ती तारवाली, आणि शेवटी तिचंच नेट घेतलं होतं. मामांनी ते कागद तीनदा वाचले आणि त्यांच्या डोक्याचा भुगा झाला.

"इथे लिहिलंय अमर्यादित. खाली लिहिलंय मर्यादा संपल्यावर वेग कमी. अमर्यादितला मर्यादा कुठून आली?"

"तेच तर आम्ही पंधरा दिवस भांडत होतो," दातवाली म्हणाली. "मी म्हणत होते मोठी कंपनी घ्या. माझा सख्खा भाऊ तिथे कामाला आहे. गिऱ्हाईक दिलं की त्याला बक्षीस मिळतं, लपवत नाही मी. पण म्हणून मी हिची मुलाखत पाडीन? खरं सांगू का, मामा, तुम्ही आल्यापासूनच हे..." आणि तिने जीभ चावली.

मामा हसले. पण कारण मिळालं होतं. सात दिवस वापरून बघा, नको तर सोडा, असं तारवाली बोलली होती. ते सात दिवस सोमवारी संपत होते. त्याआधी नेट बदनाम झालं तर कोणाचं भलं होणार होतं, हे त्यांना आता कळलं.

शुक्रवारी सव्वाचारला दिवा पुन्हा लाल झाला. तेव्हा दातवाली घरातच नव्हती.

३

घरात होती नकाशाताई, आणि दारात उभा होता टायवाला.

नकाशाताई जमिनीवर पुठ्ठ्याची इमारत चिकटवत बसली होती. डिंकाच्या वासाने डोकं धरतं म्हणून तिने बाल्कनीचं दार सताड उघडलं होतं. इतक्यात बेल वाजली. टायवाला मोठ्या कंपनीचा विक्रेता होता. जिन्यातल्या प्रत्येक घराची बेल तो आठवडाभर वाजवत होता.

"नेटचा काही त्रास, ताई?" त्याने विचारलं, आणि त्याच क्षणी आतून भाची ओरडली, "गेलं!"

मामांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो एक पायरी खाली उतरला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"काय कसं कळलं, काका? मी सगळ्यांना हेच विचारतो."

"जिन्यातल्या पेटीला हात लावलात?"

"मी? मला बल्बसुद्धा बदलता येत नाही. बायको बदलते."

मामा आत आले. बाल्कनीचं दार लोटलं, पिशवी काढली, वही उघडली. शुक्रवार. चार पंधरा. लिहीपर्यंत भाची म्हणाली, "आलं."

संध्याकाळी तारवाली आली. चाळिशीची, खांद्यावर शिडी, कमरेला पक्कड. मामांना तिच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली आणि संशयही आला. तिने जिन्यातली पेटी उघडली, वर गेली, खाली आली, राउटरला एक लहान यंत्र लावून बघितलं.

"लाल दिवा म्हणजे घरात उजेड पोचत नाही," ती म्हणाली.

"उजेड?"

"या तारेत तांबं नाही, दादा. काचेचा बारीक केस आहे. त्यातून उजेड जातो."

मामांनी समजल्यासारखी मान हलवली. त्यांना काही समजलं नव्हतं.

"आत्ता येतोय, पण जरा कमी येतोय. कुठेतरी दबत असेल."

"दबत?" मामांना हसू आलं. "तार एक तर असते, नाही तर तुटते. दबलेली तार मी चौतीस वर्षांत बघितली नाही."

तारवालीने त्यांच्या वयाकडे बघितलं आणि यंत्र खिशात टाकलं. "सकाळी उजाडल्यावर बाहेरची सगळी लाइन बघते," म्हणाली आणि गेली. बाल्कनीचं दार बंद होतं, खिळ्यावर पिशवी होती. तिची नजर तिथे गेली नाही.

तिच्या मागोमाग मामा पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याकडे गेले. त्याच्याकडेही हीच तार होती.

"नेट जातं का हो?"

"गेलं होतं एकदा, झाड पडलं तेव्हा. तासाभरात बाई हजर." शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "आधी मोठ्या कंपनीचं होतं. ते गेलं की फोनवर गाणं ऐकवायचे. मला ते गाणं पाठ झालंय. म्हणून दाखवू?"

"नको."

म्हणजे बाहेरची लाइन ठीक होती. तारवाली सुटली. टायवाल्याने उंबरा ओलांडलाच नव्हता, तोही सुटला. मग उरलं कोण?

शनिवारी याचं उत्तर आणखी लांब पळालं.

४

शनिवारी दुपारी तिघी बाजारात गेल्या होत्या. घरात मामा एकटे, जमिनीवर सतरंजी टाकून झोपलेले. स्वप्नात ते खांबावर होते आणि खाली उस्ताद शिडी काढून घेत होता. धाड! ते दचकून उठले. वारा सुटला होता, कॅलेंडर फडफडत होतं. त्यांनी सवयीने राउटरकडे पाहिलं.

लाल.

ते उठले, दार लोटलं, पिशवी काढली आणि लिहिलं: शनिवार. एक दहा. घरात कोणी नाही. 'कोणी नाही' हे दोन शब्द लिहिताना त्यांचा हात थांबला. वर बघतात तर दिवा हिरवा.

आता मात्र त्यांची मती गुंग झाली. भूत त्यांनी मानलं नसतं, पण चोरही मानता येईना.

रविवारी सकाळी आठला पाचवं माणूस गुन्हेगारांत जमा झालं: खुद्द भाची. ती न्हाऊन बाल्कनीच्या उघड्या दारात उन्हाला केस सोडून बसली होती, तेव्हा नेट गेलं.

"आता माझ्यावर संशय घे," ती म्हणाली. "मीच माझी मुलाखत पाडतेय."

"सगळ्यांवर घ्यायचा असतो. उस्ताद म्हणायचा, आपल्या सावलीवरसुद्धा घे."

"मग घेतलास का?"

मामांना वाटलं ती थट्टा करतेय.

रविवारचा दिवस सगळ्यांनी हातपाय गाळून काढला. तारवालीने बाहेरची लाइन दोनदा तपासली, काही सापडलं नाही. भाचीने एका कोपऱ्यात सुटकेस उघडून ठेवली. तिच्यात अजून काही भरलं नव्हतं, पण ती उघडी होती. येता-जाता मामांचं लक्ष तिच्याकडे जाई. दातवालीने टायवाल्याला फोन करून सोमवारी सकाळी दहाला बोलावलं.

"त्याचं उद्या लगेच सुरू होईल?" मामांनी विचारलं.

"नाही हो, दोन दिवस लागतील. पण निदान पुढे तरी ही कटकट नको."

"आणि मुलाखत?"

दातवालीने फोन उलटा ठेवला. मग नकाशाताई हळूच म्हणाली, "शिंपीकाकांच्या दुकानात बसली असती. पण सोमवारी त्यांचं दुकान बंद. ते गावी गेले."

५

सोमवारी दहा चाळीसला टायवाल्याने टेबलावर फॉर्म पसरला होता. बारा महिन्यांची बांधिलकी, खाली सही. दातवालीच्या हातात पेन होतं. नकाशाताई राउटरपुढे पहारा दिल्यासारखी उभी होती. भाची नीटनेटके कपडे घालून लॅपटॉपपुढे बसली होती, आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. दिवा हिरवा होता.

मामा वही उघडून बसले होते. चार नोंदी. कांदा, डिंक, कोणी नाही, केस. चार वेळा चार माणसं, चार कामं. कशाचा कशाला मेळ नाही.

"मामा, ती वही हातातच ठेवा," दातवाली वातावरण हलकं करायला म्हणाली. "मी बघितलंय. तुम्ही वही काढली की नेट घाबरून परत येतं."

टायवाला हसला. नकाशाताई हसली. मामा हसले नाहीत.

नेट कधी जातं याची नोंद त्यांनी मिनिटाने ठेवली होती. कधी येतं, याची एकही नव्हती. आणि उस्ताद बोलून बोलून दमला होता: फॉल्ट जाताना सापडत नाही, परत येताना सापडतो.

"पोरी, पुन्हा बोल."

"मी गंमत केली, मामा."

"नाही. खरं आहे ते. दर वेळी मी वही काढली आणि दिवा हिरवा झाला. म्हणजे वही काढताना मी काहीतरी करतो." ते सावकाश उठले. "मी काय करतो? पिशवी काढतो. पिशवी कुठे आहे? दारामागे. दार सताड उघडं असलं तर पिशवीला हात पोचत नाही. म्हणून मी आधी काय करतो?"

"दार लोटता," नकाशाताई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं.

"गुरुवारी धूर घालवायला दार उघडलं. शुक्रवारी डिंकाचा वास. रविवारी ऊन. आणि शनिवारी घरात कोणी नव्हतं, तेव्हा मला धाड आवाजाने जाग आली. मला वाटलं मी खांबावरून पडलो. ते दार होतं. वाऱ्याने उघडून भिंतीवर आपटलं. बिजागरीत मीच तेल घातलंय ना, जरा वारा आला की फिरतं."

त्यांनी बाल्कनीचं दार धरलं आणि भिंतीकडे ढकललं. जड पिशवी दबली.

लाल.

भाची किंचाळली. मामांनी दार ओढून घेतलं. हिरवा व्हायला किती वेळ लागला कोण जाणे, पण सगळ्यांना तो फार वाटला.

"पण दार आणि नेटचा संबंध काय?" टायवाला म्हणाला. त्यालाही आता राहवत नव्हतं.

मामांनी पिशवी खाली काढली. पिशवीखाली, त्याच खिळ्यावर, मुठीएवढा वेढा होता. मेणदोऱ्याचे सात फेरे, उस्तादाची गाठ. तशी गाठ मारणारा त्या शहरात दुसरा कोणी नसावा.

त्यांनी त्या गाठीवरून अंगठा फिरवला. तांब्याच्या तारेला ती गाठ शोभली असती. काचेच्या केसाला त्यांनी फास घातला होता, आणि रोज त्याच फासावरची पिशवी काढून गुन्हेगार शोधत होते.

"मी बांधली ही," ते म्हणाले. "बुधवारी. आल्या आल्या. तू बोललीस ते बरोबर होतं, दातवाली. मी आल्यापासूनच."

कोणी काही बोलायच्या आत लॅपटॉपवर घंटी वाजली. अकराला पाच कमी होते, आणि दिवा पुन्हा लाल होऊ लागला होता. दार उघडं नव्हतं. पिशवीही नव्हती. पाच दिवस मुडपलेली तार आता आपल्या आपण हार मानत होती.

६

भाचीने फोनची ती एक दांडी खिडकीत धरून तारवालीला लावला. तारवालीचा आवाज तुटक तुटक आला.

"कापू नका! दोरा सोडा. हळू. ताटाएवढा वेढा करा... मोठा, सैल... येते, वीस-पंचवीस मिनिटं..."

मामांनी गाठ दाताने सोडली. चौतीस वर्षांत त्यांनी बांधलेली गाठ त्यांनीच सोडायची वेळ पहिल्यांदा आली होती. दोरा सुटला, पण तार सरळ होईना. हात सोडला की ती मुठीएवढी होई. त्यांनी दोन्ही हात पसरून तिला ताटाएवढं केलं आणि तसेच धरून उभे राहिले.

हिरवा.

"मामा, मी धरते," दातवाली म्हणाली.

"तू बाजूला हो. हे लाइनमनचं काम आहे."

अकरा वाजले. परीक्षक आले. मागच्या वेळी डोळे मिटून थिजलेल्या बाई आज डोळे उघडे ठेवून म्हणाल्या, "या वेळी लाइन नीट आहे ना?"

भाचीने एकदाच स्क्रीनवरून नजर काढून दाराकडे बघितलं. "हो, मॅडम," म्हणाली. "धरून ठेवली आहे."

मामा दारामागे भिंतीला पाठ लावून उभे होते. हात छातीपुढे, बोटांत वेढा, जसं कोणी लोकर गुंडाळताना दुसऱ्याने हात पुढे करून बसावं तसं. दहा मिनिटांनी खांदे भरून आले. वीस मिनिटांनी बोटं बधिर झाली. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली आणि त्यांनी ती सहन केली. भाची काय बोलत होती त्यातलं त्यांना निम्मंही कळलं नाही. नद्यांच्या गाळाबद्दल काहीतरी होतं. एवढं मात्र कळलं की ती मध्ये कुठेही तुटली नाही.

टायवाल्याने फॉर्म आवाज न करता घडी घालून बॅगेत ठेवला. जाताना तो मामांच्या कानाशी वाकला. "काका, ही तार मी विकतो सहा वर्षं. आत उजेड असतो, हे मला आज कळलं."

"मलाही आजच," मामा कुजबुजले.

अकरा पंचवीसला तारवाली धापा टाकत आली आणि मामांकडे बघून दारातच थांबली. मुलाखत संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग तिने नवी तार टाकली, ताटाएवढा सैल वेढा केला आणि दारापासून लांब, फळीखाली अडकवला. मामांनी तो बघितला. त्यांचे हात शिवशिवले. त्यांनी ते खिशात घातले.

"दबते तार," ते म्हणाले. "चौतीस वर्षांत बघितली नव्हती."

"मी तांब्याची कधी जोडली नाही, दादा," तारवाली म्हणाली. "कधी शिकवाल?"

मुलींनी फ्रिजवरचे दोन कागद काढून टाकले आणि गल्लीतलं नेट ठेवलं. दातवालीचा भाऊ आठवडाभर रुसला. कुठलं नेट घ्यावं असं पुढे कोणी विचारलं की नकाशाताई सांगे, "कागद वाचू नका. तार कधीतरी जाणारच. गेल्यावर कोण किती वेळात येतं, ते जिन्यातल्या माणसांना विचारा." हे तिला मामांनी सांगितलं होतं, शिंप्याकडून आल्यावर.

शिष्यवृत्ती भाचीला मिळाली. तिचं पत्र आलं त्या दिवशी मामांनी वहीत शेवटची नोंद केली: फॉल्ट सापडला. फॉल्ट करणाऱ्याचं नाव, मी.

त्या नोंदीनंतर वहीत काही लिहिलं गेलं नाही. मामा पुढच्या वर्षी वारले. जुळ्यांचा पहिला वाढदिवस झाल्यावर नवव्या दिवशी, सकाळी, झोपेत.